घंगाळातला समुद्र

त्यानं माझं मनगट धरलं तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा, हायस्कुलात शास्त्र शिकवणारा, चारचौघांत गंभीर समजला जाणारा माणूस होतो. आणि तरी मला हसू फुटलं, गुदगुल्या केलेल्या पोरासारखं. गार, ओला, मऊ असा एक हात मनगटाभोवती फिरला. मग दुसरा आला. हातांच्या आतल्या बाजूच्या बारीक वाट्या एकेक करून कातडीला चिकटत, सुटत, पुन्हा चिकटत कोपराकडं निघाल्या.

"हलू नका गुरुजी," मागून तांडेल म्हणाला. "तो चव घेतोय तुमची."

"आवडली नाही तर?"

"तर सोडंल. आवडली तर मंग बघू काय करायचं ते."

हे धाराशिवला घडलं. शेती प्रदर्शनाच्या एका तंबूत, पडद्याच्या मागं. आठ हातांचा तो समुद्रातला जीव आणि मी, असे आम्ही एका सकाळी पहिल्यांदा भेटलो. ह्याबद्दल मी बायको सोडून आजवर कुणाशी नीट बोललेलो नाही. पुढं मी जे केलं आणि त्याच्यापुढं जे केलं नाही, ते दोन्ही आता पन्नाशीत लिहायला बसलोय. पण आधी आनंदाचं लिहितो. तो आनंद खरा होता, आणि माझ्या हातून जे झालं ते त्या आनंदाच्या भरातच झालं.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. आमचा जिल्हा आधी हैदराबादेकडं होता, तो मुंबई राज्यात गेला, आणि आम्ही मास्तर लोक गमतीनं म्हणायचो की आता आपल्यालाही समुद्रकिनारा मिळाला. मिळाला म्हणजे नकाशात. मी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या शाळेतल्या कुणीच पाहिलेला नव्हता. मी शिकलो उर्दूतून. ह्या आठ हातांच्या प्राण्याचं नाव ‘हश्तपा’ असं पाठ केलं होतं आणि त्याचं एक चित्र वहीत काढलं होतं, ते चुकून सहाच हातांचं झालं म्हणून छडी खाल्ली होती. पुढं तेच शास्त्र मराठीतून शिकवायला लागलो, तेव्हा हश्तपाचा अष्टपाद केला आणि पुढच्या धड्याकडं गेलो.

त्या हिवाळ्यात शेती प्रदर्शन भरलं, तेव्हा नव्या राज्याच्या एका खात्यानं मुंबईहून समुद्री जीवांचा तंबू पाठवला. सोलापूरपर्यंत रेल्वे आणि पुढं ट्रक. काचेच्या टाक्या गवतात बांधून आलेल्या, समुद्राचं पाणी लाकडी पिंपांत भरून आलेलं. खिलार बैल, कडबा कापायची यंत्रं, ऑईल इंजिनं, ह्या सगळ्यांना वळसा घालून गर्दी थेट त्या तंबूकडं जायची. लोकांना समजावून सांगायला शाळेतला एक शास्त्राचा मास्तर हवा होता. हेडमास्तरांनी माझं नाव दिलं.

पहिल्या दिवशी मी हातात छडी घेऊन टाक्यांसमोर उभा राहिलो आणि पुस्तकात होतं ते आणि नव्हतं तेही सांगत सुटलो. अष्टपादाच्या टाकीपाशी तर मी म्हणालो, हा माणसाला विळखा घालून समुद्राच्या तळाशी ओढून नेतो. बायका मागं सरल्या. पडद्याच्या आतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग पडदा बाजूला झाला आणि चाळिशीचा, काळाभोर, अर्ध्या चड्डीतला एक माणूस मान बाहेर काढून म्हणाला, "गुरुजी, गर्दी सरली की मागं या. पुढनं सांगताय ते सगळं खोटं हाय."

तो तांडेल. आपल्या गावी तो होडीवरचा मुख्य माणूस होता, तांडेल म्हणतात ते, म्हणून सगळे त्याला तेच म्हणायचे. टाक्या आणि त्यांतले जीव त्याच्या ताब्यात होते.

मागं गेलो आणि मला पहिल्यांदा कळलं की लोक पैसे देऊन बघतात ती फक्त काच. खरी मजा तिच्या पाठीमागं. टाक्यांच्या मागं लाकडी फळ्यांचा माचा केलेला, त्यावर चढून वरून बघायचं. पुढून जो मासा ताटाएवढा रुंद आणि पिवळ्याधमक पट्ट्यांचा दिसायचा, तो वरून बघितला तर सुरीच्या पात्याएवढा, दिसलाच तर दिसला. वास असा, की पहिल्या दिवशी नाक धरलं आणि तिसऱ्या दिवशी घरी गेल्यावर त्याच्याशिवाय करमेना. पाण्यात हवा सोडायला सायकलचा पंप आणि रबरी नळी. एक टाकी झाली की दुसरी, दिवसभर. मी पंप मारायला बसलो. तांडेलनं वाकून बघितलं आणि म्हणाला, "मास्तर असून हात चालतोय की."

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी उजाडल्या उजाडल्या तंबूत जायला लागलो. प्रदर्शन दुपारी चारला उघडायचं, तोवर तो समुद्र आमचा दोघांचा. तांडेल समुद्री कासवाची पाठ कुंच्यानं घासायचा. मानेजवळ घासलं की कासव डोळे मिटून शेपटाकडचा भाग हलवायचं, अगदी म्हशीसारखं. लोकांनी संध्याकाळी टाकीच्या कडेला वाहिलेलं हळदकुंकू तो सकाळी पुसून काढायचा आणि म्हणायचा, "तुमच्या गावात ह्याला देव केला. आता ह्यो परत जायाचा नाय." तळहातावर त्यानं एक तारामासा ठेवला. काही होईना. मी म्हणालो, हा मेलेला दिसतो. "थांबा," तो म्हणाला. आणि मग तळहाताला शेकडो मुंग्या हळूच चालल्यासारखं वाटलं. त्याच्या पोटाखालचे बारीक बारीक पाय मला चाचपून बघत होते. मी वर्गात तारामाशाला पाच भुजा असतात एवढंच सांगत आलो होतो. त्या भुजांखाली एवढी गर्दी आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण जीव जडला तो अष्टपादावर. त्याची टाकी कोपऱ्यात, वर फळीचं झाकण आणि झाकणावर दगड, कारण तो झाकण उचलून बाहेर यायचा. कोलंबीचा तुकडा काठीला टोचून आत धरला की तो दगडाच्या सांदीतून एकच हात बाहेर काढायचा, तुकडा घ्यायचा आणि काठीही घ्यायचा. काठी मिळवायला मला रोज त्याच्याशी ओढाओढ करावी लागे. रागावला की तांबडालाल, मग बघता बघता वाळूसारखा करडा. तांडेल आला की सांदीतून बाहेर यायचा. मी आलो की आधी पाण्याची एक चूळ तोंडावर. तीन दिवस चूळ खाल्ली. चौथ्या दिवशी त्यानं मनगट धरलं. मी घरी पळत गेलो. धोतर सावरत, भर रस्त्यातून. बायको ज्वारीचं पीठ मळत होती, तिच्यापुढं हात धरला. वाट्यांचे गोल गोल लाल ठसे अजून होते.

"बघ."

"गजकर्ण झालंय का?"

मी सगळं सांगितलं. ती तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातली. मासा हा शब्दसुद्धा घरात जपून काढायची रीत. पिठाचा हात तसाच ठेवून तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी अंघोळ करा. आणि मला कधी दाखवता ते सांगा."

तांडेलला विचारलं तर तो म्हणाला, सकाळी आणा वहिनींना, गर्दीत नको. ती आली. माझ्यापेक्षा धीट निघाली. मी सांगत होतो बोट बुडव, तिनं कोपरापर्यंत हात घातला. अष्टपाद बाहेर आला, तिच्या हिरव्या बांगड्यांपाशी थांबला, आणि हाताचं टोक प्रत्येक बांगडीतून आत-बाहेर, आत-बाहेर घालून बघू लागला. किण किण वाजायला लागलं. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"वहिनी, एखादी काढून घेईल हां," तांडेल म्हणाला.

"घेऊ दे. त्याला आठ हात आहेत, एका बांगडीनं काय होतंय?"

त्या सकाळी चहा पिताना तांडेल पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलला. खात्यात तो हंगामी होता. दौरा असला की काम, नाही तर गावी. ह्या दौऱ्यातून सगळे जीव धड परत नेले तर साहेब त्याला कायम करणार होते. तसं त्यांनी तोंडी सांगितलं होतं. "मंग होडी भावाला दिली आणि आपण सुटलो," तो म्हणाला. भरतीला होडी उलटून त्याचा थोरला मुलगा गेला होता. बायको त्याला पुन्हा समुद्रात जाऊ देत नव्हती. हे त्यानं असं सांगितलं की जसं काही पावसापाण्याचं सांगतोय. मी म्हणालो, होणारच तुम्ही कायम. अगदी मनापासून म्हणालो.

दोन दिवसांनी सोलापूरला पाण्याची नवी पिंपं येणार होती. ट्रक घेऊन तांडेलला जावं लागलं. जाताना टाक्या त्यानं माझ्यावर सोपवल्या.

"हवा मारत रहा. दुसरं कायबी करू नका. आणि टाकीतनं काढायचा म्हटलं तरी लाकूड नाय तर माती. धातूचं भांडं लावायचं नाय."

"कळलं."

"कळलं म्हणताय, पण तुमचा चेहरा ऐकणाऱ्या माणसाचा नाय," तो हसत म्हणाला आणि ट्रकमध्ये चढला.

त्याला माझा चेहरा बरोबर कळला होता. बायको बघून आल्यापासून आमच्या गल्लीतल्या बायका रोज विचारत होत्या. प्रदर्शनाच्या धक्काबुक्कीत त्यांना कोण नेणार? आमचं घर तंबूपासून दोन गल्ल्यांवर. दुपारी तासा-दोन तासांसाठी तो घरी आणावा, अंगणात सगळ्यांना दाखवावा आणि चारच्या आत परत ठेवावा, असं माझ्या मनात आलं, आणि एकदा आल्यावर दुसरं काही सुचेना. एकट्यानंच एवढं बघायचं हे मला सहन होत नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं हेही होतं की मला मिरवायचं होतं. गल्लीत माझ्या शास्त्राला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

भांडं कुठलं? लाकडी बादल्या तांडेलनं पिंपांबरोबर नेल्या होत्या. मातीचा रांजण उचलून आणणं शक्य नव्हतं. घरी लग्नातलं तांब्याचं घंगाळ होतं, दोन कड्यांचं, चांगलं मोठं. बायकोला म्हणालो, ते काढ.

ती थांबली. "खारं पाणी ना ते? तांब्यात कळकेल की, हिरवं पडेल."

"कळकायला ते काय ताक आहे?"

"मीठ तर आहे. तुम्हीच बघा."

"तांब्यात देवाचं पाणी ठेवता तुम्ही. तांब्याहून शुद्ध काय आहे?"

हे मी म्हणालो. मी, ज्यानं त्याच वर्षी वर्गात शिकवलं होतं की मोरचूद तांब्यापासून होतो आणि पिकावरची कीड मारतो. धातूचं भांडं नको म्हणजे लोखंडी नको, पत्र्याचं नको, असा मी सोयीचा अर्थ लावला. तांबं हे आमच्या घरात धातूमध्ये मोडतच नव्हतं. ते पूजेत मोडायचं. पाहुणा घरी येणार म्हणून बायकोनं घंगाळ चिंच आणि राख लावून घासलं. कधी नव्हे इतकं लखलखीत.

शाळेच्या शिपायाला बरोबर घेतलं. एक कडं त्यानं धरलं, एक मी. टाकीतलंच पाणी, त्यात अष्टपाद, वरून ओला धोतराचा पदर. रस्त्यात कुणी विचारलं तर शिपाई सांगायचा, "सरांच्या घरी सत्यनारायण हाय."

तो दीड-दोन तास काय वर्णावा. अंगण भरलं होतं. तांब्याच्या लालीत तो आधी लाल झाला, मग पांढुरका, मग त्याच्या अंगावर अशा लाटा धावायला लागल्या की मागच्या बायका टाचा उंचावून बघायला लागल्या. शेजारच्या म्हाताऱ्या काकू डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघत बसल्या.

"ह्याला हाडं न्हाईत व्हय?"

"नाहीत काकू. एकही नाही."

"मग आमच्या मालकांसारखंच की. जिथं बसवावं तसा आकार."

अंगण हसून हसून लोळलं. काकांनी पडवीतून खाकरून दाखवलं, त्यानं आणखी हसले सगळे. मुली हात बुडवत होत्या, किंचाळत होत्या, पुन्हा बुडवत होत्या. तो सारखा कडेवर चढायला बघत होता. मला वाटलं, त्यालाही गंमत येतेय. प्रत्येक वेळी मी त्याला हलकेच आत ढकलत होतो. आता कळतं की तो बाहेर पडायला बघत होता.

साडेतीनला आम्ही त्याला परत टाकीत सोडला. समुद्राचं पाणी मोलाचं, थेंब वाया घालवायचा नाही हे तांडेलकडून शिकलो होतो. म्हणून घंगाळातलं सगळं पाणी मी त्याच टाकीत ओतलं.

संध्याकाळी तांडेल पिंपं घेऊन आला. पहिलं पिंप त्यानं आपल्या लाडक्या अष्टपादाच्याच टाकीत ओतलं. अष्टपाद सांदीतून बाहेर आला नाही. "दमला असंल, गर्दी होती काय?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, होती.

सकाळी मी पोहोचलो तेव्हा तांडेल माच्यावर बसला होता आणि तो त्याच्या मांडीवर होता. रंग कसलाच नव्हता. ओल्या फडक्यासारखा पडलेला.

"माझ्यामागं काय झालं होतं का गुरुजी? काय वेगळं?"

"काही नाही," मी म्हणालो. "हवा मारत बसलो होतो."

एवढंच वाक्य. त्याच्या आधी सांगायला अख्खा क्षण होता. तांडेलनं मान हलवली. बाकीच्या टाक्या तो हिंडून बघून आला; सगळे बरे होते. "मंग पिंपच," तो म्हणाला. "पैलं पिंप ह्याच्यात ओतलं. तेलाचं असंल आधी. म्या वास घेऊन बघायला पायजे होतं. घाईत नाय बघितलं." तो हे इतक्या सरळपणे बोलला की माझं खोटं त्याच्या खऱ्याखाली झाकून गेलं, आणि मी ते झाकू दिलं.

दुपारी साहेब आले. लेखी जबाब द्या म्हणाले. तांडेलला सही यायची, लिहिता येत नव्हतं. तो कागद घेऊन माझ्याकडं आला.

"तुम्ही लिवा. तुमचं अक्षर बघून सायबांना जरा बरं वाटंल."

मी लिहिलं. माझं अक्षर वळणदार आहे. फळ्यावरसुद्धा लोक बघत राहतात. ‘नवीन पाणी तपासून न घेता टाकीत ओतले, त्यामुळे सदर प्राणी मृत झाला. चूक माझी आहे.’ खाली त्यानं मोठ्या कष्टानं सही केली. वाळू टाकून शाई टिपली आणि म्हणाला, "लई उपकार झाले गुरुजी."

साहेबांनी कागद वाचला, घडी केली आणि खिशात घातला. कायम करण्याचा विषय तिथंच संपला, हे दोन दिवसांनी टाक्या बांधताना तांडेलनंच सांगितलं. आता होडीच, म्हणाला. बायकोला काय सांगायचं तेवढं ट्रकमध्ये ठरवतो. मी गवताच्या पेंढ्या त्याच्या हातात देत होतो. कासवाचं पिंप चढवताना तो माझ्याशी कासवाच्याच पाठीबद्दल बोलत होता, ट्रक सुरू झाला तरी बोलत होता. मी त्या ट्रकबरोबर चार पावलं चाललो. तेवढंच.

शिपायानं एकदा विचारलं, "सर, आपण नेलं त्यानं तर नसंल?" मी त्याला घंटा दे म्हणालो. बायकोनं विचारलं नाही. घंगाळ तिनं माळ्यावर टाकलं आणि दिवाळीच्या अभ्यंगालासुद्धा खाली काढलं नाही. वीस वर्षं आम्ही ह्या विषयावर बोललो नाही. अशी गप्प राहायची सवय एकदा लागली की ती त्या एका गोष्टीपुरती राहत नाही. मी घरातही कमी बोलायला लागलो. तांब्याचा धडा आला की मी तो भराभर उरकायचो. पोरांना वाटायचं, सरांना रसायन आवडत नाही.

मागच्या वर्षी मी त्या खात्याला पत्र लिहिलं. झालं तसं सगळं. तीन ओळींचं उत्तर आलं: हंगामी नोकरांच्या नोंदी इतक्या जुन्या ठेवल्या जात नाहीत, सबब कार्यवाही शक्य नाही. ते उत्तर मी बायकोपुढं ठेवलं आणि म्हणून तिला सगळं सांगावं लागलं. म्हणजे तांडेलचा तो जबाब मी लिहिला होता, ते. बाकीचं तिला माहीत होतं.

तिनं चष्मा पुसला. "गावाचं नाव सांगितलं होतं ना तांडेलांनी?"

"सांगितलं होतं. खाडीच्या तोंडाशी आहे म्हणाला होता. आता साठीचा असेल. असला तर."

"सुट्ट्या कधी लागतात तुम्हाला?"

गेल्या आठवड्यात एसटीच्या वेळा काढल्या. सोलापूर, पुणे, तिथून खाली कोकणात. ती पिशवी भरून तयार आहे, आणि खरं सांगायचं तर भीती आहेच, पण त्या वेळी सकाळी तंबूकडं निघताना असायची तशी घाईही झालीय. समुद्र आम्ही दोघांनीही अजून पाहिलेला नाही. काल रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं मला एकच अट घातली.

"ते चहा विचारतील. आधी सांगायचं, मग प्यायचा. नाहीतर तुम्ही चहा पिऊन, प्रकृती विचारून परत याल. मी ओळखते तुम्हाला."